गरम मशीनचे तीन आकडे

शुक्रवार, २९ जून २०१८. सकाळचे सहा चाळीस. शेनने ग्राइंडिंग मशीन मला न विचारता सुरू करून ठेवलं होतं.

"कधीपासून चालू आहे हे?" मी कुलदीपला विचारलं.

कुलदीप शिरोळे माझा दुभाषी. मूळचा कोल्हापूरचा, पुण्यात चिनी शिकला आणि नंतर आठ वर्षं चीनमध्ये, याच वूशी शहरात राहिला. तो शेनशी दोन वाक्यं बोलून माझ्याकडे वळला.

"पावणेपाचपासून, साहेब."

"कशासाठी?"

"तापवायला म्हणतोय. आता मोजा म्हणतोय."

"काल मोजलं ना?"

"काल गार मशीनवर मोजलं. आज गरमवर मोजा म्हणतोय."

माझं लेझरचं यंत्र आदल्या संध्याकाळी पेटीत गेलं होतं. पेटीला दोन कुलपं आणि वर विमानाची चिठ्ठी. दुपारी दीडला निघायचं, साडेपाचचं शांघायहून विमान, रविवारी वाईला आईचं सहस्रचंद्रदर्शन. एकोणीस दिवस मी त्या कारखान्यात होतो, आणि विसावा दिवस तिथे काढायची माझी अजिबात तयारी नव्हती.

काम सांगायला साधं होतं. आमची कंपनी युरोपातली, ग्राइंडिंग मशीन बनवणारी. मी तिच्या पुण्यातल्या कचेरीतून आशियाभर मशीनची अचूकता तपासत फिरायचो. अशा मशीनमध्ये काचेची एक पट्टी असते, तिला स्केल म्हणतात. मशीनचं टेबल कुठे आहे हे मशीनला ती पट्टी सांगते. पट्टी चुकली तर मशीन चुकतं, आणि त्याला आपण चुकल्याचं कळतही नाही. चांगल्या पट्ट्या जगात दोन-तीन देशच बनवायचे. त्या एप्रिलमध्ये अमेरिकेने एका मोठ्या चिनी कंपनीला सुटे भाग विकणं बंद केलं, आणि चीनभर प्रत्येक कारखाना आपल्याकडे बाहेरचं काय काय आहे याची यादी करायला बसला. या कारखान्याने मात्र तीन वर्षं आधीच स्वतःची पट्टी बनवायला घेतली होती. ती बनवणारा माणूस शेन. ती आमच्या मशीनवर त्यानेच बसवायची, मी मोजायची, चूक तीन मायक्रॉनच्या आत असेल तर तसं लिहून सही करायची. एक मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण सत्तरावा भाग.

"स्वतःच्या पायावर उभं राहायचंय," कुलदीप पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "पण उभे राहिलात असा दाखला परक्याने द्यायचा. गंमत आहे की नाही, साहेब?"

गुरुवारचा माझा आकडा होता २.१. पास. अहवाल छापून तयार होता, फक्त सही बाकी होती. दुपारी तीनला कारखान्यात समारंभ होता. एक जुलै हा तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचा स्थापना दिवस, आणि त्याच्या आधी प्रत्येक मोठ्या कारखान्याने काहीतरी करून दाखवायचं, त्या दिवसाला भेट म्हणून, अशी तिथली रीत. फाटकाजवळ लाल कापड लावून झालं होतं.

"याला नीट समजावून सांग," मी कुलदीपला म्हणालो. "काल पास झालंय. आज मोजलं आणि नापास झालं, तर मला नापास लिहावं लागेल. कळतंय का विचार."

शेन पन्नाशीचा होता. कापडी बूट, चौकटींची वही, वहीला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. कोणताही आकडा तो दोनदा मोठ्याने म्हणायचा आणि मगच लिहायचा. कुलदीपचं ऐकून त्याने मान हलवली आणि थोडकं काहीतरी बोलला.

"कळतंय म्हणाला. जे येईल ते लिहा, वू गोंग."

तिथे इंजिनिअरला आडनावापुढे 'गोंग' लावून हाक मारतात. उपळेकर हे नाव कुणालाच झेपलं नाही, म्हणून मी वू गोंग.

मी हसलो. 'जे येईल ते लिहा, साहेब.' बारा वर्षांत हे वाक्य मी भोसरीत ऐकलं होतं, कोइमतूरला ऐकलं होतं, हनोईत ऐकलं होतं. त्यानंतर चहा येतो. चहानंतर 'जरा बघा ना' येतं.

"उघड पेटी," मी म्हणालो.

लेझर तिवईवर बसवायचं, आरसे जुळवायचे, हवेचं तापमान नोंदवायचं, वीस जागी थांबत टेबल पाच वेळा पुढेमागे न्यायचं. घाई करून यातलं काही होत नाही. नऊ वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर आकडा आला: ४.८.

शेनने तो दोनदा म्हटला आणि वहीत लिहिला.

"झालं समाधान?" मी मराठीतच विचारलं.

कुलदीपने ते भाषांतर केलं नाही. शेन आपणहून बोलला.

"आणखी तापवू या म्हणतोय. तासभर."

"म्हणजे आकडा उतरेल असं वाटतंय याला?"

"ते नाही बोलला."

"अरे, गरम झाल्यावर पट्टीखालचा गोंद सरकतोय, सरळ दिसतंय. आणखी तापवलं तर आणखी सरकेल. तीन वर्षं हेच केलं ना याने, एवढं कळत नाही?"

कुलदीपने विचारलं. शेनने वहीचं एक जुनं पान उघडून माझ्यापुढे धरलं. आकड्यांच्या रांगाच रांगा होत्या, चिनी अक्षरांत टिपणं. मला त्यातलं काही वाचता येत नव्हतं, आणि वाचायची इच्छाही नव्हती.

"सांग त्याला, पाहिलं. छान आहे."

तेवढ्यात दादाचा फोन आला. वाईत सकाळचे सात वाजत होते.

"नंद्या, निघालास का?"

"निघेन दुपारी."

"दुपारी म्हणजे किती? आई सारखी विचारतेय. गुरुजींनी रविवारी आठची वेळ दिलीय. धाकटा नाही तर मी बसणार नाही पूजेला, असं म्हणतेय."

"दादा, येतोय म्हटलं ना."

"मागच्या वेळीही असंच म्हणाला होतास. बाबांच्या वर्षश्राद्धाला."

"एक माणूस आहे इथे, त्याचं एकदा झालं की निघालो."

"त्याला सांग की आपली आई एक्याऐंशीची झाली."

"त्याला मराठी येत नाही, दादा."

"तुला तरी येते का अजून?" म्हणून त्याने फोन ठेवला.

दुसरा आकडा साडेअकराला आला: ६.२.

शेनने तो दोनदा म्हटला. लिहिला. तापमापक मशीनच्या तीन जागी लावून तीही तापमानं लिहिली. मग मला पाणी दिलं, कोमट, त्याच्या थर्मासमधलं, आणि पुन्हा काहीतरी म्हणाला.

"नाही," मी म्हणालो.

"साहेब, मी अजून सांगितलंच नाही काय म्हणाला ते."

"आणखी एकदा म्हणाला."

"आणखी एकदा म्हणाला. शेवटचं."

मी तिवईचा पाय लाथेने सरकवला. नंतर तो मलाच पुन्हा जुळवावा लागला, त्यात वीस मिनिटं गेली. बाहेर ढोलांची तालीम सुरू झाली होती. ढोलाच्या दणक्यांनी लेझरचा आकडा हलत होता, म्हणून कुलदीपला पाठवून ते थांबवावे लागले. थांबले तेव्हा फानबाई आत आल्या.

त्या कारखान्याच्या प्रमुख. करडा सूट, बारीक चष्मा, इंग्रजी स्वच्छ. पडद्याकडे त्यांनी पाहिलं, शेनकडे पाहिलं, आणि मला चहा हवा का विचारलं. चहा आला. आता 'जरा बघा ना' येणार म्हणून मी वाट पाहत होतो.

"कोणतं मोजमाप धरायचं ते तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या. "आम्ही त्यात पडत नाही. नियमाप्रमाणे वीस अंशांना मोजतात, एवढं मला माहीत आहे. एक वाजेपर्यंत कागद मिळेल ना?"

"मिळेल."

त्या गेल्या. शेन त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिला आणि मग वही मिटून मशीनपाशी उभा राहिला.

"साहेब," कुलदीप हळूच म्हणाला, "आकडा वाढतोय त्याचं या माणसाला वाईट वाटतंय असं काही दिसत नाही."

"चिनी माणसाच्या चेहऱ्यावर काय दिसतं ते तुलाच ठाऊक. मला दिसतंय ते हे, की बुडणारा माणूस हातपाय मारतोय."

"असेल."

"असेल नाही. आहे. बाहेर लाल कापड लागलंय, आत याची पट्टी नापास होतेय. तुझं असं झालं असतं तर तू काय केलं असतंस?"

"मी मशीन तापवलंच नसतं," कुलदीप म्हणाला.

हे मी ऐकलं. ऐकून सोडून दिलं.

तिसरा आकडा बारा पन्नासला आला: ७.०. शेनने तो दोनदा म्हटला, लिहिला, आणि पेन्सिल वहीत ठेवली. पुन्हा मोजा म्हणाला नाही.

मी खुर्चीवर बसलो. चिडचिड होतीच, पण त्याहून जास्त त्या माणसाची कीव येत होती. पहिल्या आठवड्यात त्याला कळलं की तिथल्या उपाहारगृहातलं मला काही चालत नाही. तेव्हापासून रोज दुपारी तो घरून उकडलेली कणसं आणायचा, फडक्यात गुंडाळून, माझ्या टेबलावर ठेवायचा आणि काही न बोलता जायचा. अशा माणसाच्या तीन वर्षांवर, समारंभाला दोन तास असताना, मी काट मारायची? नियम माझ्या बाजूने होता. वीस अंशांना २.१ आला होता. गरम मशीनवर मोजा असं कुठे लिहिलेलं नव्हतं. शेनने सांगितलं नसतं तर मीही मोजलं नसतं.

मी गुरुवारच्या अहवालावर सही केली. चार प्रतींवर, प्रत्येक पानावर.

मग लॅपटॉप शेनकडे वळवला, आजच्या तीन फाइली निवडल्या आणि त्याच्या देखत पुसून टाकल्या. त्याला दिसावं म्हणूनच तसं केलं. आपण सांभाळून घेतलंय हे समोरच्याला कळलेलं बरं असतं.

शेन पडद्याकडे पाहत होता.  मग दोन वाक्यं बोलला.

"विचारतोय," कुलदीप म्हणाला, "आजचे तीन आकडे एका कागदावर हाताने लिहून खाली सही करून द्याल का?"

"कशाला?"

"ते नाही सांगितलं. फक्त तेवढं करून द्या म्हणतोय."

घड्याळात एक वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. गाडी दारात होती.

"त्याला सांग, काळजी करू नकोस. हे आकडे कुणालाही कळणार नाहीत."

 कुलदीपने ते सांगितलं. मी जसं म्हणालो तसंच सांगितलं असणार, तो माणूस आपल्या मनाचं काही घालत नसे.

शेनने अहवालाची प्रत दोन्ही हातांनी घेतली. मान झुकवली. फडक्यात गुंडाळलेली दोन कणसं माझ्या हातात दिली आणि मशीन बंद करायला गेला.

रविवारी आठला मी वाईच्या मंगल कार्यालयात पाटावर बसलेलो होतो. एक्याऐंशी दिव्यांनी आईला ओवाळलं. निरांजनांच्या उजेडात तिने माझा हात धरला.

"तिकडचं काम नीट झालं ना रे?"

"झालं, आई. एकाची नोकरी वाचवून आलो."

तिने दादाला बोलावून मला ते पुन्हा सांगायला लावलं.

कुलदीप २०२१ साली भारतात परत आला. चिंचवडला एका हॉटेलात आम्ही भेटलो. मिसळ मागवली, त्याने रस्सा चाखून तोंड वाकडं केलं आणि कोल्हापूरवर दहा मिनिटं बोलला. मग मी सहज विचारलं, शेनचं काय चाललंय.

"तुम्हाला माहीत नाही?"

"काय?"

"त्या पट्ट्या बेअरिंगच्या एका कारखान्यात गेल्या. तिथे मशीन तीन पाळ्या चालतात, थंड होतच नाहीत. सव्वा वर्षात माल परत यायला लागला. चौकशी बसली."

"मग?"

"चौकशीत तुमचा कागद निघाला. परदेशी तज्ज्ञाने तपासलंय, पट्टी निर्दोष आहे. म्हणजे चूक बसवण्यात. बसवण्याचा प्रमुख कोण? शेन."

मी चमचा खाली ठेवला.

"त्याने आधीच लेखी दिलं होतं," कुलदीप म्हणाला. "आपण तिथे जायच्या दोन महिने आधी. पट्टी गरम झाली की चुकते, गोंद बदलायला एक वर्ष द्या, तोवर बाजारात नेऊ नका. वर कुणी ऐकेना. घरच्या माणसाचे आकडे, कोण विचारतो? म्हणून मग परक्याकडून मोजून घ्यायचं ठरवलं त्याने. तुम्हाला बोलवा असा आग्रह त्याचाच होता."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"त्यानेच. दोन हजार एकोणीसच्या डिसेंबरात भेटला होता. गोदामात होता तेव्हा. खोकी मोजायच्या कामावर."

"आणि तू मला तेव्हा का नाही सांगितलंस? त्या शुक्रवारी?"

"मला तरी कुठे माहीत होतं? वरच्यांच्या विरुद्ध परक्या माणसाशी उघड बोलणं त्याला शक्य नव्हतं. बोलता येण्यासारखं होतं तेवढं तो बोलला."

"काय बोलला?"

"जे येईल ते लिहा. मी शब्दाला शब्द सांगितलं होतं, साहेब." त्याने पाव मोडला. "तुम्ही हसलात."

मिसळ तशीच राहिली. कुलदीपने शेनचा नंबर दिला. तो बंद होता. गोदामातूनही तो गेल्याचं नंतर कळलं. कुठे गेला, ते कळलं नाही.

आता मी चाकणला एका कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळतो. या फेब्रुवारीत आमच्याकडे नवं ग्राइंडिंग मशीन आलं. मशीन तैवानचं, आतली पट्टी चिनी. पट्टी बनवणाऱ्या कंपनीचं नाव मी पूर्वी ऐकलेलं नव्हतं. आमच्या खरेदीवाल्या मोघेने खोक्यातलं पट्टीचं प्रमाणपत्र माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

"सर, हे बघा. यांनी एकाऐवजी चार आकडे दिलेत. छपाईची चूक असेल का?"

मी पाहिलं. मशीन गार असताना ०.९. दोन तास चालवल्यावर १.१. चार तासांनी १.३. सहा तासांनी १.३. प्रत्येक आकड्याशेजारी मशीनच्या तीन जागांची तापमानं.

वीस वर्षांत जे दाखले मी पाहिले त्यांत गरम मशीनचे आकडे कुठेही नव्हते. आमच्या जुन्या कंपनीच्या दाखल्यांतही नव्हते.

"चूक नाही," मी मोघेला म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी मशीन पहाटे सुरू करायला लावलं आणि सहा तासांनी स्वतः मोजलं. १.४ आला. ऑपरेटर कंटाळून विचारत होता की सर, काल पास झालं होतं ना.

प्रमाणपत्राच्या तळाशी तपासनिसाच्या नावाच्या जागी फक्त क्रमांक आहे: ०४१७. मी कंपनीला लिहिलं, की हा तपासनीस कोण आहे हे कळेल का. तीन दिवसांनी उत्तर आलं: कर्मचाऱ्यांची नावं बाहेर दिली जात नाहीत, मालाबद्दल काही तक्रार आहे का?

तक्रार नाही, असं मी कळवलं. मग एक कोरा कागद घेतला आणि हाताने लिहिलं: वूशी, २९ जून २०१८, गरम मशीन, ४.८, ६.२, ७.०. मशीनचा क्रमांक लिहिला. मोजणारा म्हणून माझं पूर्ण नाव लिहिलं, खाली सही केली आणि तारीख आजची घातली. कागदाचा फोटो काढून त्याच पत्त्यावर पाठवला, आणि सोबत एवढंच लिहिलं की हे क्रमांक ०४१७ यांना द्यावं.

मंगळवारी पोच आली: तुमचा संदेश संबंधित विभागाकडे पाठवला आहे. त्यानंतर अजून काही आलेलं नाही.